पाचवीच्या वर्गाने लावलेला धुऱ्याचा शोध

शनिवार, डिसेंबरचा तिसरा आठवडा. वेळ सकाळी साडेनऊ. ठिकाण: आमचं शेत, तेलंगणातल्या बोथपासून रिक्षाने अर्ध्या तासावर.

हजर: पाचवीची अकरा मुलं, मी (वर्गशिक्षिका), मामाजी म्हणजे माझे सासरे, काकाजी म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, सासूबाई, काकी आणि काकींची शेळी. उशिरा हजर: माझे मिस्टर. गैरहजर: मोजणी अधिकारी. ते शेवटपर्यंत आलेच नाहीत, पण त्या दिवशी जे झालं ते सगळं त्यांच्यामुळे झालं.

त्या दिवशी माझ्या वर्गाने आमच्या शेताचा शोध लावला. शेत आमच्याकडे दोन पिढ्यांपासून आहे.

पाठ होता जुन्या काळच्या प्रवाशांचा. एक चीनमधून पायी भारतात आलेला भिक्खू, एक आफ्रिकेला वळसा घालून आलेला दर्यावर्दी आणि एक भारत शोधायला निघून भलतीकडेच पोचलेला. त्यांची नावं मुलांच्या तोंडात बसेनात, म्हणून मुलांनी सोय केली: पायी भंते, वळसावाले आणि चुकलेले. चाचणीतही अशीच उत्तरं आली. ('चुकलेले यांनी कोणता खंड शोधला?' मी पूर्ण गुण दिले.)

प्रश्न फार आले. भंतेंच्या चपला किती झिजल्या? वळसावाल्यांना बोटीवर भाजी कोण देत होतं? वर्गातली करुणा नावाची मुलगी बाक सोडून उभीच राहिली.

"मॅडम, तिथे पयलेच लोकं राह्यत होते ना?"

"हो."

"मंग शोध कायचा लागला?"

मी वहीत लिहिलं: 'करुणाचा प्रश्न. उत्तर नंतर.' आणि ठरवलं की हा पाठ फळ्यावर संपवायचा नाही. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, मुलांना करू द्या. करू दिलं.

मला याद्या करायची सवय आहे. माझ्या लग्नात मला मेंदी काढून राहिले होते तेव्हाही मी दुसऱ्या हाताने सामान टिक करत होते. मोहिमेची यादी सतरा कलमांची झाली. वर्तमानपत्राच्या टोप्या अकरा. पुठ्ठ्याच्या दुर्बिणी तीन. होकायंत्र एक (बशी, पाणी, पिंपळाचं पान, चुंबकावर घासलेली सुई). अंतर मोजायला सुताची दोरी, हातभर अंतरावर गाठ मारलेली. नवीन काही सापडलं की तिथे रोवायला झेंडे बारा: लाल कापड, बांबूच्या कमच्या, आणि लांबून दिसाव्यात म्हणून कमच्यांना चुन्याचे पांढरे पट्टे. नियम चार. चौथा नियम असा की नव्या भूमीवर पाऊल ठेवलं की रोजची मराठी बंद, परक्या भाषेत बोलायचं. आमच्या मुलांना परकी भाषा म्हणजे तेलुगू, ती त्यांना बाजारातून आणि कबड्डीतून येते.

शेवटचं कलम: 'जागेची परवानगी.' त्यापुढे मी लिहिलं, 'लागत नाही, शेत घरचंच.' आणि टिक केलं.

आता घरच्या शेताबद्दल सांगायला हवं.

माझे आजेसासरे जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. उतारवयात सरकारने त्यांना चार एकरांचा पट्टा दिला. घराण्यातली ती पहिली जमीन. ते गेल्यावर मोजणीवाले आले, मधोमध हद्दीचा गोटा रोवला आणि दोन भावांना दोन-दोन एकर दिले. पुढे कधीतरी तो गोटा दिसेनासा झाला. मामाजी म्हणाले, धाकट्याने उपटला आणि धुरा, म्हणजे मधला बांध, आमच्याकडे सरकवला. काकाजी म्हणाले, थोरल्याने. त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. विहारात समोरासमोर आले तर 'जय भीम' म्हणत, कारण ते न म्हणणं शक्यच नव्हतं. पण त्यापुढे एक अक्षर नाही. (दोघांच्या बायकांनी मात्र या बारा वर्षांत धुऱ्यावरून एकमेकींना किती लोणचं दिलं याची यादी कोणी केलेली नाही.)

आणि मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, काकाजींच्या नातीचा साखरपुडा होता. सासूबाईंनी तीन महिने मामाजींच्या मागे लागून त्यांच्याकडून एवढं वदवून घेतलं होतं की, "येईन. पन बसून निघून येईन." सासूबाईंना त्यांच्या आयुष्यात आता एवढंच पाहायचं होतं. शुक्रवारी त्यांनी मामाजींचं धोतर स्वतः धुतलं, नीळ घालून.

हे मला माहीत होतं. घरकामाच्या वहीत लिहिलेलंही होतं. मोहीम शाळेच्या वहीत होती. दोन वह्या मी एकत्र कधी उघडत नाही.

तर साडेनऊला मुलांच्या तीन तुकड्या, म्हणजे तीन जहाजं, सुटली. मी तुरीच्या कडेला हजेरीपट घेऊन उभी. आमचा सगळा कापूस म्हणजे नवी भूमी, धुरा म्हणजे किनारा, त्याच्या पलीकडे जायचं नाही. मुलं टोप्या सावरत, परक्या भाषेत ओरडत आत शिरली. दोरी ताणली गेली. "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू!" एकजण गाठी मोजतो, दुसरा लिहितो, तिसरी झेंडा रोवते. मला फार बरं वाटत होतं. वीस वर्षांच्या नोकरीत एखादा पाठ यादीप्रमाणे चालला असं चारदा झालंय.

दुसऱ्या जहाजाची नोंदवही मी अजून जपून ठेवली आहे. 'नवीन भूमीवर उतरलो. मूळ रहिवासी एक. चार पाय. भाषा विचारली, कळली नाही. आमच्या कप्तानाची टोपी खाल्ली. भूमीला शेळीबेट नाव दिलं.'

शेळी काकींची होती. म्हणजे जहाज धुरा ओलांडून गेलं होतं. मी धावले.

"करुणा, किनाऱ्याच्या पलीकडे जायचं नाही म्हटलं होतं ना?"

करुणाने नियम पाळला. तेलुगूत मान हलवली आणि मग नाइलाजाने मराठीत आली. "मॅडम, किनाऱ्यावरच थांबले असते तर शोध कोनं लावला असता?"

हाही प्रश्न मी वहीत लिहिला. तेवढ्या वेळात तिचा एक खलाशी शेळी सोडवायला आलेल्या काकींसमोर जाऊन उभा राहिला होता आणि वही उघडून अदबीने विचारत होता, "ई भूमी पेरु एमिटी?" या जमिनीचं नाव काय. मग, "मी पेरु एमिटी?" तुमचं नाव काय.

काकींनी एकदा त्या पोराकडे पाहिलं. मग दोरीकडे. मग लाल झेंड्यांच्या रांगेकडे. मग माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या हजेरीपटाकडे. शेळी तिथेच सोडून त्या गावाकडे पळाल्या.

इथे एक गोष्ट सांगते, म्हणजे काकींना कोणी हसणार नाही. आमच्याकडे शिक्षक शिकवतो हे त्याचं जोडकाम आहे. घरोघरी जाऊन माणसं मोजायची, मतदार लिहायचे, गुरं लिहायची, संडास मोजायचे, हे सगळं आम्हीच करतो. मदतीला शाळेची पोरं नेतो. मास्तरीण वही घेऊन शिवारात आली, सोबत पोरं आहेत आणि मोजणी सरकारी कामाच्या तेलुगूत चालू आहे, तर त्याचा अर्थ गावात एकच होतो: जमिनीची मोजणी. त्यात माझे मिस्टर बोथला मंडल (तहसील) कार्यालयात कारकून.

दहा मिनिटांत काकाजी आले. काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पट्ट्याचा कागद, पहाणीचे उतारे आणि आजेसासऱ्यांचा फोटो. दुसऱ्या बाजूने मामाजी आले. काखेत तशीच पिशवी. (दोन्ही पिशव्या एकाच बी-बियाणाच्या दुकानाच्या होत्या.) दोघं धुऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले, मध्ये दोन हातांचं अंतर. पण बोलणं बंद असल्यामुळे दोघंही माझ्याशी बोलू लागले.

"सूनबाई," काकाजी म्हणाले, "विचार तुह्या सासऱ्याले, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मोजनी आनाची काय गरज होती?"

"सूनबाई," मामाजी म्हणाले, "सांग त्याले, मोजनी मी नाई आनली. त्यानंच आनली, आन आता बोंब मारून राह्यला."

"सूनबाई, पोरगा कोनाचा हाये हापिसात? माहा का त्याचा?"

"सूनबाई, त्याले म्हना, माह्या पोराले हापिसात कोनी चहा इचारत नाई, तो मोजनी काय आनन?"

मी डावीकडे-उजवीकडे मान फिरवत होते. "मामाजी, काकाजी, ऐका तरी. मोजनी नाई हे. पाठ हाये. इतिहासाचा. जुने प्रवासी नव्या जागी कसे गेले, ते मुलं करून पाहून राह्यले."

दोघांनी प्रथमच एका वेळी एकाच दिशेला पाहिलं. माझ्याकडे.

"मांगच्या खेपेले बी असंच म्हने," काकाजी म्हणाले. "'काई नाई काकाजी, फक्त नावं लिहून राह्यली.' मंग आमचं रेशनकार्ड दोन महिने गायब होतं."

"आन हे झेंडे?" मामाजींनी विचारलं.

"ते आम्ही शोधलेल्या जागांचे."

"आमच्या वावरात तुमाले काय सापडलं?"

मी करुणाची वही पुढे केली. हे मी करायला नको होतं. वहीत सुबक नकाशा होता, माझ्याच सांगण्यावरून पट्टीने काढलेला. चारी बाजू, गाठींचे आकडे, तीन ठिकाणी फुल्या. खाली, मीच फळ्यावर लिहून दिलेल्या नमुन्याप्रमाणे: 'भूमीचे नाव: करुणापूर. मालक: इयत्ता पाचवी.'

मामाजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मालक बी बदलला," ते हळूच म्हणाले.

तोवर धुऱ्यावर बरीच माणसं जमली होती. प्रत्येकाची बातमी वेगळी. कोणी म्हणालं कालवा येतोय, कोणी म्हणालं हायवेला फाटा फुटतोय, कोणी म्हणालं वाघासाठी जागा सोडायची आहे. आमचे शेजारी नागोराव यांना वाटलं विजेचे खांब येणार. गेली तीन वर्षं त्यांना मोटारीला वीज हवी होती. त्यांनी कोणाला न विचारता एक झेंडा उपटला आणि आपल्या विहिरीपाशी नेऊन रोवला. ते पाहून कालवा नको असलेल्या एकाने दुसरा झेंडा उपटून नागोरावांच्याच शेतात फेकला. माझे झेंडे गावभर फिरू लागले. मी यादीत लिहीत होते: 'झेंडा क्र. ५ नागोराव, क्र. ८ नाला, क्र. ९ शेळी.'

मी मिस्टरांना फोन लावणार तेवढ्यात त्यांचाच आला.

"अगं, तिकडे कोन मोजून राह्यलं? इथे दोघंजण येऊन माह्या टेबलापाशी उभे हायेत."

"मी."

पलीकडे गाडीची किल्ली खुळखुळली.

"तू तिथेच थांब," ते म्हणाले. "काही बोलू नको. मी येतो."

हा त्यांचा चांगला हेतू होता. पण गाडीवरून, इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र लटकवून ते धुऱ्यावर आले तेव्हा जमावातून एक आवाज आला, "पाहा, हापिसातला मानूस बी आला." आणि ज्यांना अजून थोडी शंका होती त्यांचीही गेली.

"काही मोजनी नाही, घरी जा," मिस्टर म्हणाले.

"मोजनी नाई म्हने," नागोराव शेजारच्याला म्हणाले. "म्हंजे मोठीच हाये."

मला सासूबाई दिसल्या. त्या धावत आल्या होत्या आणि आता तुरीला धरून उभ्या होत्या. फक्त दोन म्हाताऱ्यांकडे पाहत होत्या, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. तीन महिन्यांचं काम माझ्या बारा झेंड्यांनी एका सकाळीत उपटलं होतं. त्या क्षणी मला पायी भंतेंसारखं चीनपर्यंत चालत जावंसं वाटलं.

काकाजी मात्र आता माझ्याकडे पाहत नव्हते. ते उरलेल्या झेंड्यांच्या रांगेकडे पाहत होते. मुलांनी ते शेळीच्या मागे जाताजाता रोवले होते, त्यामुळे रांग आमच्या शेतातून निघून, धुरा तिरपा कापून, थेट काकाजींच्या विहिरीवरून गेली होती. काकाजींनी बोट लांब करून ती रेघ हवेत ओढली. इकडून तिकडे. मग पुन्हा.

"दादा," ते म्हणाले.

बारा वर्षांनी तो शब्द त्या शिवारात आला होता.

"दादा, हे तं दोघाइच्याबी वावरातून चाललं."

मामाजी एक पाऊल पुढे आले. मग त्यांनी आपली पिशवी धुऱ्यावर ठेवली. "बस," ते म्हणाले. "कागदं काढ."

दोघं बसले. पट्ट्याला पट्टा लागला, उताऱ्याला उतारा. "बावाचा फोटो तुह्याजवळ कसा काय?" "तुमी नेलाच नाई." "मी समजलो हारपला." मग फोटो मध्ये ठेवून दोघं सरकारशी कसं लढायचं ते ठरवू लागले. अर्ज मामाजी लिहिणार, अंगठे काकाजी गोळा करणार. काकींनी कधी भाकरी आणली ते मला कळलंही नाही.

मला राहवलं नाही. खरं ते खरं. मी पुढे झाले. "मामाजी, खरंच सांगते, मोजनी नाईच..."

दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई.

"गप ऱ्हाय व," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "लय शिकवलं तू आज. आता पोट्टे घेऊन जाय शाळेत."

मी अकरा मुलं मोजली, हजेरी घेतली, टोप्या दहा भरल्या आणि निघाले.

रविवारी मामाजी साखरपुड्याला गेले. बसून निघून येणार होते, ते सगळ्यांत शेवटी उठले. नवऱ्या मुलाकडच्या लोकांना दोघं भाऊ आळीपाळीने सांगत होते की आम्ही दोघं धुऱ्यावर एकत्र बसलेलो पाहून मोजणीवाले कसे माघारी पळाले. "एक अधिकारी तं टोपी टाकून पयाला," काकाजी म्हणाले. "शेळीनं खाल्ली." मुलाकडचे फार प्रभावित झाले. सासूबाई कोपऱ्यात बसून नुसत्या ऐकत होत्या. तोंडावर पदर होता, पण खांदे हलत होते.

इथे हे संपलं असतं तर मी नियोजन चांगलं करते असं म्हणता आलं असतं.

सोमवारी मी नोंदवह्या तपासायला घेतल्या. करुणाच्या नकाशावरच्या तीन फुल्या मी घाईत पाहिल्याच नव्हत्या. पहिली फुली: मुंग्यांचं वारूळ. दुसरी: सापाची कात, दीड गाठ लांब. तिसरी: 'धुऱ्यापासून सहा गाठी आत, मॅडमच्या बाजूला, तुरीच्या खोडात मातीत बुजलेला एक गोटा. माती उकरली. त्यावर छिन्नीने खुणा. हलवून पाहिला, हलत नाही. आधीपासून आहे.'

शाळा सुटल्यावर मी एकटी शेतात गेले. दोरी घेऊन. सहा गाठी मोजल्या (मराठीत), तुरी बाजूला केल्या. गोटा होता. खुणा होत्या. कोणी उपटलेला नव्हता, कोणी सरकवलेला नव्हता. बारा वर्षं तिथेच होता. आणि त्याच्या पलीकडे, म्हणजे काकाजींच्या हक्काच्या जमिनीवर, आमच्या कपाशीच्या तीन ओळी उभ्या होत्या. चांगल्या फुटल्या होत्या.

म्हणजे धुरा खाल्ला होता तो आम्हीच. दर साली नांगरताना वीतभर, हौसेने, आपलंच समजून.

मी तुरी पुन्हा सारख्या केल्या आणि वळले तर धुऱ्यावर काकाजी उभे.

"भेटला?" त्यांनी विचारलं.

"तुमाले कसं मालूम?"

"करुनाचा बाप आमच्याकडे येतो ना कापूस येचाले. पोरीनं घरी सांगतलं." ते जवळ आले, वाकले, गोट्यावरून हात फिरवला. "बावाच्या नावानं पानी शिंपडलं होतं यावर. मी लहान नव्हतो तवा, पन रडलो होतो."

"काकाजी, आपन आत्ताच मामाजींना..."

"मी नाई सांगत," ते म्हणाले. "माह्या तोंडून आयकलं तं त्याले वाटन मी जितलो. मंग अजून बारा वर्सं. आन बारा वर्सं आता आमच्या दोघाइजवळ हायेत का नाई, कोनाले मालूम." ते उठले. "तू सांग. तू शिकवते ना पोट्ट्याइले."

"पन तीन ओळी तुमच्या..."

"कापूस येचून घ्या तुमी. पुढच्या पेरनीच्या आंधी सांग म्हंजे झालं." आणि जाताजाता म्हणाले, "त्याले एकट्याले सांगजो. चारचौघात नोको."

त्या संध्याकाळी मी यादीत लिहिलं: 'मामाजींना गोट्याचं सांगणे.' पुढे चौकोन काढला.

आता फेब्रुवारी संपत आला. ते कलम मी नऊ याद्यांमधून पुढे नेलं आहे. सुरुवात तीनदा केली. पहिल्यांदा मामाजी म्हणाले, "बोल," आणि मी म्हटलं चहा करू का. दुसऱ्यांदा काकाजीच गप्पा मारायला आलेले होते; त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या आणि मी चहा केला. तिसऱ्यांदा मी खरंच तोंड उघडलं. "मामाजी, त्या दिवशीची मोजनी..." त्यांनी मला मध्येच थांबवलं. "नाव काढू नोको. एक झालो म्हनून वाचलो." आणि फोटोकडे पाहून हसले. फोटो आता महिनाभर आमच्याकडे आणि महिनाभर त्यांच्याकडे असतो. मी चहा केला.

गोट्याचं सांगायचं तर आधी मोजणी नव्हती हे सांगावं लागेल. मोजणी नव्हती हे सांगितलं तर विजय गेला. कापूस वेचून झाला आहे. तिन्ही ओळींच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या आहेत, तुरीही कापून झाल्या आहेत. आता जमीन मोकळी आहे आणि गोटा ओट्यावरूनही दिसेल इतका उघडा पडला आहे. मामाजींना लांबचं दिसत नाही एवढ्यावर सगळं टिकून आहे. सासूबाई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ देत नाहीत.

डोंगर-समुद्र ओलांडणाऱ्या तीन माणसांचं धाडस मी मुलांना पंचेचाळीस मिनिटांत समजावून दिलं होतं. मला जायचं आहे ते स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत. अंतर मोजून ठेवलं आहे, नऊ पावलं. वाटेत कोणतंही वादळ नाही. काम बाकी.